ई-सायकलला पंक्चर-रोधक टायर कसा बसवायचा? टायरच्या निवडीपासून शेवटच्या नटापर्यंत

साध्या सायकलचं पंक्चर म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचा खोळंबा. ई-सायकलचं पंक्चर मात्र अख्खी सकाळ खाऊ शकतं. सायकल वीस-पंचवीस किलोची, मागच्या चाकात मोटर, मोटरमधून निघालेली वायर आणि समोर "याला हात नाही लावणार, वायरिंगचं काम आहे" म्हणणारा पंक्चरवाला. कॉलेजला, ऑफिसला किंवा डिलिव्हरीच्या कामाला रोज ई-सायकल वापरणाऱ्यासाठी हा त्रास अगदी खरा आहे.

त्यावरचा एक चांगला उपाय म्हणजे पंक्चर-रोधक टायर. पण ऑनलाइन ऑर्डर केला, घरी आला, चढवला, इतकं ते सोपं नाही. साईज चुकली तर टायर बसतच नाही. हवा चुकली तर पंक्चर व्हायचं ते होतंच. आणि चाक परत बसवताना मोटरचा नट ढिला राहिला तर नुकसान पंक्चरपेक्षा कितीतरी मोठं होतं. या लेखात तिन्ही गोष्टी क्रमाने बघू.

(इथे ई-सायकल म्हणजे पेडल असलेली, २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किमीपर्यंतचा वेग असलेली सायकल. इलेक्ट्रिक स्कूटरचा हिशोब वेगळा.)

## ई-सायकल जास्त पंक्चर होते का?

टायरला मोटर आहे की नाही हे काट्याला कळत नाही. तरी फरक पडतो, आणि त्याची कारणं सरळ आहेत.

पहिलं कारण वजन. मोटर आणि बॅटरीमुळे ई-सायकल साध्या सायकलपेक्षा आठ-दहा किलोने तरी जड असते. दुसरं कारण वेग. सतत २०-२५ च्या वेगाने जाताना खड्डा उशिरा दिसतो आणि जोरात बसतो. तिसरं कारण मागचं चाक. बसणाऱ्याच्या वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकावर येतो आणि मागच्या हबमध्ये मोटर असेल तर तिचंही वजन तिथेच. शिवाय पुढचं चाक आडवा पडलेला खिळा उडवून उभा करतं आणि मागचं चाक नेमकं त्यावर जातं.

म्हणून बजेट एकाच टायरचं असेल तर तो मागच्या चाकाला घाला.

## आधी शत्रू ओळखा: पंक्चरचे चार प्रकार

पंक्चर-रोधक टायर सगळी पंक्चर थांबवत नाही. तुमची पंक्चर कुठल्या प्रकारची आहेत ते आधी बघा.

१. टोचणं. काटा, काच, खिळा, किंवा ट्रकच्या फाटलेल्या टायरमधली बारीक पोलादी तार. ट्यूबच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला, एकच बारीक भोक दिसतं.

२. चिमटा बसणं. हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या कडेवर आपटतं, टायर पूर्ण दबतो आणि ट्यूब रिम आणि खड्डा यांच्यात चिमटली जाते. शेजारी-शेजारी दोन छोट्या चिरा दिसतात, साप चावल्यासारख्या.

३. आतून घासणं. रिमच्या आत स्पोकच्या टोकांवर एक पट्टी असते. ती सरकली किंवा फाटली की स्पोकचं टोक ट्यूबला आतून भोक पाडतं. हे भोक ट्यूबच्या आतल्या बाजूला, म्हणजे हबकडे तोंड करून असतं.

४. वॉल्व्हपाशी फाटणं. कमी हवेत सायकल चालवल्याने ट्यूब आतल्या आत सरकते आणि वॉल्व्हच्या मुळाशी ताण येतो.

पंक्चर-रोधक टायर मुख्यतः पहिल्या प्रकारावर काम करतो. बाकी तीन प्रकारांवर उपाय म्हणजे हवा आणि रिमची पट्टी, आणि दोन्ही अगदी स्वस्त. म्हणून पुढच्या वेळी पंक्चर झालं की ट्यूबवर भोक कुठे आहे याचा मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा. तीन-चार फोटो जमले की तुमचा खर्च टायरवर व्हायला हवा की नुसत्या पंपावर, हे आपोआप समजेल.

## या टायरच्या आत वेगळं काय असतं?

सायकलच्या साध्या टायरमध्ये बाहेर रबर आणि आत धाग्यांचं कापड असतं. पंक्चर-रोधक टायरमध्ये या दोघांच्या मध्ये आणखी एक थर घालतात. तो दोन पद्धतींचा असतो.

विणलेला पट्टा. अरामिड किंवा नायलॉनच्या मजबूत धाग्यांचा पातळ पट्टा. केव्हलार हे अरामिडचंच प्रसिद्ध नाव. ड्यूपाँ कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये त्याचा शोध लावला, आणि बुलेटप्रूफ जॅकेटमध्ये तेच वापरतात. हा पट्टा हलका असतो आणि काचेची चीर चांगली अडवतो. पण विणलेल्या कापडातून सुई जशी धाग्यांच्या मधून जाते, तसा टोकदार बारीक काटा त्यातून वाट काढू शकतो.

जाड लवचीक थर. इथे धाग्यांवर भर न देता मऊ रबराची जाड गादी असते. श्वाल्बे या जर्मन कंपनीच्या मॅरेथॉन प्लस टायरमध्ये ही गादी ५ मिलिमीटर जाडीची असते. काटा आत शिरला तरी ट्यूबपर्यंत पोचायच्या आधी गादीतच अडकतो. बारीक काटे आणि तारा यांच्यावर हा प्रकार जास्त उपयोगी. किंमत अर्थात वजनात मोजावी लागते, हा टायर जड आणि कडक असतो.

आता आपल्याकडचं वास्तव. बाभळीचा आणि वेड्या बाभळीचा काटा सहज दोन-तीन सेंटिमीटरचा असतो. तो सरळ उभा घुसला तर ५ मिलिमीटरची गादीही पुरणार नाही. फक्त बहुतेक वेळा रस्त्यावर मोडकी टोकं आणि काचेचे तुकडे असतात, ते हा थर अडवतो. म्हणून "पंक्चर-प्रूफ" हा शब्द जाहिरातीचा समजा. खरा शब्द "पंक्चर-रोधक". पंक्चर कमी होतील, शून्य होणार नाहीत.

## टायर, पट्टी, सिलंट की सॉलिड?

टायर बदलण्याआधी बाकीचे पर्यायही माहीत असू द्या.

टायरच्या आतली पट्टी (लायनर): टायर आणि ट्यूबच्या मध्ये ठेवायची प्लास्टिकची पट्टी. सगळ्यात स्वस्त. पण तिची जोडाची कड नीट बसली नाही तर तीच ट्यूबला घासून भोक पाडते.

सिलंट: वॉल्व्हमधून ट्यूबमध्ये सोडायचा द्रव. बारीक भोक आतून बुजवतो. मोठ्या चिरेला उपयोग नाही, आणि काही महिन्यांनी वाळतो. सिलंट टाकलेल्या ट्यूबला पॅच चिकटवताना पंक्चरवाला वैतागतो, कारण भोकाभोवतीचं रबर स्वच्छ होत नाही.

सॉलिड टायर: हवाच नाही, म्हणून पंक्चरही नाही. पण हवेचं खरं काम हादरे शोषण्याचं. ते गेलं की खड्ड्याचा प्रत्येक मार रिम, स्पोक आणि मोटरच्या बेअरिंगवर थेट जातो. आपल्या रस्त्यांवर रोज लांब अंतर जाणाऱ्याने हा पर्याय टाळावा.

जाड ट्यूब: चिमट्याच्या पंक्चरला थोडा फायदा, काट्याला फारसा नाही.

रोजच्या वापरासाठी सगळ्यात बिनझंझट जोडी म्हणजे पंक्चर-रोधक टायर आणि चांगली नवी ट्यूब. सिलंट हवाच असेल तर तो त्यावरचा जादा थर म्हणून वापरा.

## साईज: इंचांवर विश्वास ठेवू नका

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. "माझी २६ इंची आहे" एवढं सांगून टायर मागवू नका, कारण २६ इंच म्हणून विकले जाणारे सगळे टायर एकाच मापाचे नसतात.

जुन्या टायरच्या कडेवर दोन मापं छापलेली असतात. एक इंचातलं, उदा. २६ × १.९५. दुसरं मिलिमीटरमधलं, उदा. ५०-५५९. या दुसऱ्याला ईटीआरटीओ माप म्हणतात. यातला पहिला आकडा टायरची रुंदी, आणि दुसरा आकडा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे.

| इंचातलं नाव | ईटीआरटीओचा दुसरा आकडा |
|---|---|
| २० × १.७५, २० × १.९५ | ४०६ |
| २४ × १.९५ | ५०७ |
| २६ × १.९५, २६ × २.१ | ५५९ |
| २७.५ × २.१ | ५८४ |
| २६ × १ ३/८ | ५९० |
| ७००सी, २९ × २.१ | ६२२ |

गंमत बघा. २६ × १ ३/८ चा रिम २७.५ इंची टायरच्या रिमपेक्षा मोठा निघतो! म्हणून ऑर्डर देण्याआधी जुन्या टायरच्या कडेचा फोटो काढा आणि त्यातला मिलिमीटरचा आकडा शोधून जुळवा.

रुंदीत थोडा फरक चालतो. रिमच्या आतल्या रुंदीच्या साधारण दीड ते अडीच पट टायर बसतो. पण दोन गोष्टी बघा. एक, टायर फ्रेमला, मडगार्डला आणि ब्रेकला घासणार नाही ना? चारही बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा हवी, नाहीतर पावसाळ्यात चिखल अडकतो. दोन, टायरवर छापलेला कमाल भार पुरतो ना? ७० किलोचा माणूस, २५ किलोची सायकल आणि १० किलोची बॅग म्हणजे १०५ किलो. त्यातला ६० टक्के भार मागे धरला तरी ६३ किलो होतात.

ट्यूब घेताना वॉल्व्हही बघा. श्रेडर म्हणजे मोटारसायकलसारखा जाड वॉल्व्ह, प्रेस्टा म्हणजे बारीक आणि लांब, आणि वुड्स म्हणजे जुन्या काळ्या सायकलींना असायचा तो. रिमचं भोक श्रेडरचं असेल तर श्रेडरच घ्या. पंक्चरच्या दुकानात आणि पेट्रोल पंपावर हवा भरायला तोच सोपा.

## रेंज किती कमी होईल?

जाड टायर म्हणजे रेंज कमी, हे बरोबर. पण किती? थोडं गणित करू.

माणूस, सायकल आणि बॅग मिळून १०० किलो धरा. टायर गोल फिरताना दबतो-सुटतो, त्यात थोडी ऊर्जा जाते. ती मोजायचा एक गुणांक असतो. साध्या बऱ्या टायरला तो ०.००६ आणि जाड पंक्चर-रोधक टायरला ०.००९ धरला, तर जादा विरोध येतो ०.००३ × १०० × ९.८, म्हणजे साधारण २.९ न्यूटन. एका किलोमीटरला ही ऊर्जा होते साधारण ०.८ वॉट-तास. मोटर आणि कंट्रोलरची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर बॅटरीतून साधारण १.१ वॉट-तास जास्त जातील.

३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे साधारण २८० वॉट-तास. पेडल न मारता चालवताना किलोमीटरला १० वॉट-तास लागत असतील तर रेंज २८ किमी. नवीन टायरनंतर लागतील ११.१, म्हणजे रेंज साधारण २५ किमी. तीन किलोमीटर गेले. हे दोन्ही टायर बदलल्यावर. फक्त मागचा बदलला तर नुकसान याहून कमी.

वाढलेल्या वजनाची मात्र काळजी करू नका. दोन टायर मिळून अर्धा-पाऊण किलो वाढेल. एकूण १०० किलोत ते जाणवणारही नाही. रेंज खातं ते रबराचं दबणं, वजन नाही. आणि म्हणूनच कमी हवेत चालवलेला साधा टायरही तेवढीच रेंज खाऊ शकतो.

## कामाला लागण्याआधी: सामान

- मागच्या एक्सलच्या नटाचा पाना. हब मोटरला बहुतेक वेळा १८ मिमीचा लागतो, काहींना १९. आधी मोजून घ्या
- प्लास्टिकचे दोन-तीन टायर लिव्हर. स्क्रू ड्रायव्हर वापरू नका, ट्यूब फाटते
- गेज असलेला पंप
- नवीन ट्यूब, आणि लागली तर रिमची नवी पट्टी
- टाल्कम पावडर आणि साबणाचं पाणी
- केबल टाय आणि ती कापायला कात्री किंवा पकड
- चार्ज असलेला मोबाईल. हा चेष्टेचा भाग नाही, फोटो खरंच लागतात

नवा टायर दुमडून आला असेल तर अर्धा तास उन्हात ठेवा. कोमट झालेलं रबर सहज वळतं.

## चाक काढणं

खालची पद्धत मागच्या हब मोटरची आहे. आपल्याकडच्या बहुतेक परवडणाऱ्या ई-सायकलींत मोटर तिथेच असते. मोटर पेडलपाशी असेल तर मागचं चाक साध्या सायकलसारखंच निघतं, वायरचा भाग सोडून द्या.

१. बंद करा आणि बॅटरी काढा. नुसता डिस्प्ले बंद करणं पुरेसं नाही. थ्रॉटलला चुकून हात लागला आणि मोटर फिरली तर बोटं जाऊ शकतात.

२. फोटो काढा. दोन्ही बाजूंचे नट, वॉशर, वायरची वाट, चेन, सगळ्याचे. वॉशरचा क्रम नंतर आठवत नाही.

३. चेन सगळ्यात लहान गिअरवर आणा. गिअर नसेल तर हे सोडा.

४. कनेक्टर सुटा करा. मोटरची वायर फ्रेमवर थोडी पुढे गेल्यावर एक गोल वॉटरप्रूफ कनेक्टर दिसेल. वायरवरचे केबल टाय कापा. कनेक्टर सरळ ओढून काढा, पिळू नका. आतल्या बारीक पिना वाकल्या की मोठं काम होतं.

५. सायकल उलटी करा. खाली जाड कापड किंवा गादी ठेवा आणि डिस्प्ले, थ्रॉटल दबत नाहीत हे बघा. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर ते आधी सैल करा.

६. नट सोडा आणि चाक उचला. वॉशर निघतील तसे ओळीने फरशीवर मांडा. मोटरचं चाक जड असतं, तेव्हा दोन्ही हातांनी उचला. वायर खाली लोंबकळू देऊ नका. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नका. पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ठेवा.

## टायर बदलणं

७. जुना टायर उतरवा. हवा पूर्ण सोडा. टायरच्या दोन्ही कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला, मग लिव्हर लावा.

८. रिमची पट्टी तपासा. बोट फिरवून बघा. स्पोकचं टोक जाणवतंय? पट्टी सरकलीय? आत्ताच बदला. महागडा टायर घालून आतली दहा-वीस रुपयांची पट्टी फाटकी ठेवण्यात अर्थ नाही.

९. फिरण्याची दिशा बघा. टायरच्या कडेवर बाण असतो. चाक पुढे जाताना ज्या दिशेने फिरतं, बाण त्या दिशेला हवा.

१०. एक कड चढवा. टायरवरचं कंपनीचं नाव वॉल्व्हच्या जवळ येईल असं बसवा. हे दिसायला नाही. पुढे पंक्चर झालं तर ट्यूबवरच्या भोकावरून टायरमधला काटा नेमका कुठे आहे ते शोधता येतं.

११. ट्यूब घाला. तिला हलकी पावडर लावा, गोल आकार येईल एवढीच हवा भरा आणि पीळ पडू न देता आत बसवा.

१२. दुसरी कड चढवा. खरी कसरत इथे आहे. जाड थराचा टायर कडक असतो आणि शेवटचा वीतभर भाग काही केल्या चढत नाही. युक्ती अशी: सुरुवात वॉल्व्हच्या समोरच्या बाजूने करा आणि शेवट वॉल्व्हपाशी करा. रिमचा मधला भाग खोल असतो. कड तिथे बसली की तिला थोडी ढिलाई मिळते. वॉल्व्हपाशी मात्र ट्यूब मध्ये येते आणि कड खोल जाऊ शकत नाही. म्हणून ती जागा शेवटी. चढवलेला भाग निसटत असेल तर टायर आणि रिमभोवती केबल टाय आवळून तो धरून ठेवा. कडेला साबणाचं पाणी लावा आणि तळव्यांनी ढकला. शेवटच्या टप्प्यात लिव्हर वापरलात तर नवी ट्यूब तिथेच चिमटली जाण्याची शक्यता असते.

१३. वॉल्व्ह आत ढकलून परत ओढा. म्हणजे त्याच्या मुळाशी ट्यूब टायरच्या कडेखाली अडकली असेल तर सुटते. मग पूर्ण चाकाभोवती कड किंचित बाजूला करून ट्यूब कुठे डोकावत नाही ना, ते बघा.

१४. अर्धी हवा भरा, थांबा, बघा. रिमच्या लगत टायरवर एक बारीक रेघ असते. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे आत गेली असेल तर हवा सोडा, हाताने मळा आणि परत भरा. मगच पूर्ण हवा.

## चाक परत बसवणं: इथे घाई नको

साध्या सायकलमध्ये मागचा एक्सल नुसता चाक पेलतो. हब मोटरमध्ये तसं नाही. मोटरचा बाहेरचा भाग चाकासोबत फिरतो आणि एक्सल स्थिर असतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार मोटर चाकाला जेवढ्या जोराने पुढे पिळते, तेवढ्याच जोराने एक्सलला मागे पिळते. हा पीळ फ्रेमच्या खाचेने, वॉशरने आणि नटाने पेलायचा असतो.

नट ढिला राहिला तर एक्सल खाचेत हलायला लागतो आणि खाच झिजवतो. एक दिवस चढावर जोर लागला की एक्सल गर्रकन फिरतो. मोटरची वायर एक्सलमधूनच बाहेर येत असल्यामुळे ती पिळून तुटते. आतल्या तारा एकमेकींना चिकटल्या तर कंट्रोलर जळू शकतो. चाक खाचेतून निसटून पडायचा धोका वेगळाच. एका ढिल्या नटाची किंमत इतकी असते.

१५. एक्सल खाचेत पूर्ण आतपर्यंत बसवा. एक्सलच्या दोन सपाट बाजू खाचेच्या बाजूंना समांतर येतील. वायर बाहेर येते ती जागा खालच्या बाजूला तोंड करून हवी, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून ओघळून मोटरमध्ये शिरणार नाही.

१६. वॉशर फोटोत होते त्याच क्रमाने घाला. एका वॉशरला वाकडा दात असतो. तो दात फ्रेमच्या खाचेत जाऊन बसला पाहिजे. एक्सलला फिरू न देण्याचं काम तोच करतो. काही सायकलींना यासाठी वेगळी पोलादी पट्टीही असते. "जास्तीची दिसतेय" म्हणून ती काढून टाकू नका.

१७. दोन्ही नट आळीपाळीने आवळा. मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच अंतिम. नसेल तर अशा मोटरच्या एक्सलला साधारण ३५ ते ४० न्यूटन-मीटर धरतात. टॉर्कचा पाना नसेल तर अंदाज असा: नटाच्या मध्यापासून २० सेंटिमीटरवर पान्याला २० किलोचा जोर लावला की साधारण ३९ न्यूटन-मीटर होतात.

१८. कनेक्टर जोडा. दोन्ही टोकांवर बाण किंवा खूण असते. त्या समोरासमोर आणा आणि सरळ दाबा. वायरला एक्सलपाशी थोडी ढील ठेवून केबल टायने बांधा.

१९. हाताने फिरवा, मग मोटरने. चाक फ्रेमच्या मधोमध आहे? ब्रेक घासतोय? सगळं ठीक असेल तर बॅटरी लावा, मागचं चाक उचलून धरा आणि मोटर हळू फिरवून बघा.

## हवा: अंगठ्याची परीक्षा इथे नापास

सवयीने आपण टायर अंगठ्याने दाबतो आणि "आहे हवा" म्हणतो. जाड थराचा टायर हवा कमी असतानाही कडकच लागतो, म्हणून इथे अंगठा फसवतो. गेज वापराच.

किमान आणि कमाल दाब टायरच्या कडेवर छापलेला असतो. त्या मर्यादेतच राहायचं. साधारण ५० मिमी रुंदीचा टायर आणि ६५-७५ किलोचा माणूस असेल तर मागे ४० ते ४५ आणि पुढे ३५ पीएसआयच्या आसपास सुरुवात करून आपल्या रस्त्याप्रमाणे बदला. (एक बार म्हणजे १४.५ पीएसआय.) आठवड्यातून एकदा तपासा. मोबाईलवर रविवारचा रिमाइंडर लावला तर विसरणार नाही. पेट्रोल पंपावर भरत असाल तर सांभाळून. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा फार कमी मावते, त्यामुळे मशीनने दाब क्षणात वाढतो.

## पहिले २० किलोमीटर आणि त्यानंतर

पहिली फेरी घराजवळ, कमी असिस्टवर मारा. १०-२० किमी झाल्यावर दोन्ही नट पुन्हा आवळून बघा. नवीन बसवलेलं चाक थोडं स्थिरावतं आणि नट किंचित ढिले होऊ शकतात.

टायरची रुंदी बदलली असेल तर डिस्प्लेवरचा वेग आणि अंतर थोडं चुकू शकतं. फरशीवर आणि टायरवर खडूने खूण करा, सायकलवर बसून चाक एक फेरा पुढे न्या, अंतर मोजा. डिस्प्लेमध्ये चाकाचा घेर टाकायची सोय असेल तर हा आकडा टाका.

आणि महत्त्वाची सवय: आठवड्याला एकदा टायर फिरवून बघा. रबरात रुतलेले काचेचे तुकडे पिनेने काढून टाका. पंक्चर नेहमी लगेच होत नाही. रुतलेला तुकडा प्रत्येक फेऱ्याला थोडा-थोडा आत सरकतो आणि चार दिवसांनी ट्यूबपर्यंत पोचतो. पावसाळ्यात हे जास्त, कारण ओल्या रबरात काच सहज घुसते.

## नेहमीचे प्रश्न

तरीही रस्त्यात पंक्चर झालं तर? चाक काढायची गरज नाही. सायकल आडवी करा, टायरची एकच कड उतरवा, ट्यूब तेवढी बाहेर ओढा, भोक शोधून पॅच लावा. काळ्या सायकलींचं पंक्चर दुकानात असंच काढतात. "वायरला हात लावायचा नाही, चाकही काढायचं नाही" असं सांगितलं की बहुतेक पंक्चरवाले तयार होतात. टायरमधला काटा मात्र काढायला विसरू नका.

टायर बदलल्याने वॉरंटी जाते का? टायर हा झिजणारा भाग आहे, तो बदलावाच लागतो. पण कनेक्टर किंवा एक्सल हाताळताना झालेलं नुकसान वॉरंटीत धरलं जाईल असं समजू नका. वॉरंटी चालू असेल तर आधी कंपनीला विचारून घ्या.

दुकानात बसवून घेतला तर? उत्तम. फक्त स्वतः तीन गोष्टी तपासा: वायर खाली तोंड करून आहे का, दाताचा वॉशर खाचेत आहे का, आणि नट घट्ट आहेत का.

महागडा टायर परवडतो का? मागच्या वर्षभरात किती पंक्चर झाली, त्यातली टोचण्याची किती, प्रत्येकीत किती पैसे आणि किती तास गेले, हे लिहून काढा. वर्षाला एखादंच पंक्चर होत असेल तर गेज असलेला पंप घ्या, तो पुरेल. महिन्याला एक होत असेल आणि उशिरामुळे पगार किंवा ऑर्डर बुडत असेल, तर मागच्या चाकाचा टायर आधी बदला.

## थोडक्यात

भोक बघून पंक्चरचा प्रकार ओळखा. मिलिमीटरचा आकडा जुळवून टायर घ्या. शेवट वॉल्व्हपाशी करा. दर आठवड्याला गेजने हवा बघा. आणि सायकल बाहेर काढण्याआधी मोटरच्या दोन्ही नटांवर पाना एकदा फिरवाच. टायर काट्यापासून वाचवेल, पण चाक जागेवर धरून ठेवतात ते हे दोन नटच.